बाग कोणी वाळवली

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. तुमची मोसंबीची बाग कशी गेली, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "पाऊस बदलला हो." ऐकणारा मान हलवायचा आणि विषय पुढं जायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पाऊस बदललाच होता. पण खऱ्या गोष्टीच्या आडही लपता येतं, आणि मी तसा लपून राहिलो.

मागच्या हिवाळ्यात शहरात गारखेड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर एक तरुण बाई बोलायला आल्या होत्या. हवामानातला बदल आणि त्यामुळं गाव सोडून शहरात येणारी माणसं, असा विषय होता. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या गावातून असं कोणी आलंय का?" प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आमच्या बागेचा बटईदार आला होता. पाऊस बदलला, बाग वाळली, बिचारा इकडं आला." बाईंनी मान डोलावली आणि ते टिपून घेतलं. घरी आलो तरी मला चैन पडेना. आजवर माझं अर्धं सांगणं गप्पांत विरून जायचं. आता ते कोणाच्या तरी अभ्यासात जाऊन बसणार होतं. म्हणून उरलेलं अर्धं इथं लिहितो आहे.

आमचं गाव लासूर स्टेशनहून जीपनं थोडं आत. मी शहरात सरकारी कचेरीत अव्वल कारकून होतो. वडिलांनी लावलेली मोसंबीची बाग त्यांच्या माघारी माझ्याकडं आली आणि मी ती बटईनं दिली. जमीन आमची, कष्ट बटईदाराचे, फळ निम्मंनिम्मं. तो बौद्ध, घर गावाच्या खालच्या अंगाला. पण बायको आणि मुलीला घेऊन बागेतच खोप घालून राहायचा. वयानं माझ्याहून थोडा मोठा. तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला भाऊ म्हणायचा. गावात हे कोणाला खटकत नसे. मलाही नाही.

तो मोठा गमत्या माणूस. मी कचेरीची पिशवी घेऊन बांधावर आलो की बायकोला हाक मारायचा, "आले, साहेब तपासणीला आले. आगं, झाडांना सरळ उभं राहाय सांग!"

बायको त्याच्याहून तिखट. ती आतून म्हणायची, "झाडं उभीच हायेत. तुमीच बाजंवर आडवे हाव."

मोसंबीला बहार आणायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. झाड तहानतं, पानं पिवळी पडून गळतात, आणि मग पाणी मिळालं की ते फुलांनी भरून जातं. मृग बहार धरायचा असेल तर हा ताण भर उन्हाळ्यात देतात आणि मृगाच्या पावसानं तो तुटतो. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीला पाणी बेताचंच, म्हणून वडील नेहमी मृग बहार धरायचे. कमी पावसाची आम्हाला सवय होती. मराठवाड्यात ते नवं नाही. पण वडिलांच्या वेळी पाऊस आला तर तो त्याच्या वेळेला यायचा. नवं काय असेल तर ते हे, की त्या वेळेचाच भरवसा गेला. मला ते कळायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र वडिलांचाच पाऊस होता.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. कधी हत्ती, कधी बेडूक, कधी गाढव. बाग गेली त्या वर्षी मृगाचं वाहन म्हैस होतं, आणि म्हैस आली की पाऊस भरपूर, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फोनमध्येही पाऊस वेळेवर दाखवत होता. जुनं आणि नवं दोन्ही एकच सांगतंय म्हटल्यावर मी निर्धास्त होऊन ताण धरायला सांगितलं.

तो लगेच कबूल झाला. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यालाही मृगाची मोसंबी हवी होती. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी निघते आणि तेव्हा मागणी असते. मुलगी दहावी झाली होती. तिला पुढं नर्सिंगला घालायचं त्याच्या मनात होतं. चूक ताण धरण्यात नव्हती, निदान एवढी मोठी नव्हती. चूक त्यानंतर झाली आणि ती एकट्या माझी.

त्या मे महिन्यातलं ऊन आमच्या ओळखीचं नव्हतं. शहरात पहाटेसुद्धा भिंतीला हात लावला तर ऊब लागायची. एका सकाळी त्याचा फोन आला.

"भाऊ, ताण लई बसला. शेंडे वाळाया लागलेत. हिरीत थोडं पाणी हाय, सोडू का?"

"आत्ता सोडलंस तर ताण अर्धवट तुटेल. फूलही नाही आणि फळही नाही. मृग लागू दे."

"बरं."

मृग लागला. आभाळ स्वच्छ निळं. पुन्हा फोन आला.

"भाऊ, तुमची म्हैस कुठं डुंबाय बसली काय की. इकडं तर आली नाय."

मला हसू आलं. "येईल. म्हैस जरा सुस्तच असते."

"ती येईस्तोवर झाडं जातील. यंदा बहार सोडून देऊ, नुस्ती झाडं जगवू. मोटर लावू का?"

"मी सांगितल्याशिवाय मोटर लावायची नाही."

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. साली तडकताहेत, डिंक निघतोय, एखादा टँकर तरी पाठवा, म्हणाला. मी कचेरीतल्या कसल्याशा कटकटीत होतो. मी म्हणालो, "बाग कोणाची आहे?"

तो म्हणाला, "तुमचीच की, भाऊ." आणि फोन ठेवला.

मृग संपल्यावर मी गावी गेलो. बाग सरपण झाली होती. फांदी वाकवली की कट्कन मोडायची. फक्त खोपीपुढची एक ओळ हिरवी होती. अंगणात पाय धुवायच्या दगडापासून सुरू होऊन बांधापर्यंत गेलेली ओळ. ती पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

"मी पाणी देऊ नको म्हणालो होतो ना?"

त्याच्या बायकोनं पदर खोचला. "हे हिरीचं नाय. हापशावरून मी डोक्यावर आणलेलं हाय. त्यात आंघोळी केल्या, भांडी घासली, मग झाडांना घातलं. आमच्या आंघोळीवर बी तुमचा हुकूम हाय का?"

"आगं, गप," तो म्हणाला. पण हळूच म्हणाला.

पाऊस पुढं कधीतरी आला तो एकाच दुपारी सगळा आला आणि बांध फोडून माती घेऊन गेला. मेलेल्या झाडांना त्याचा काही उपयोग नव्हता.

त्याच सुमाराला मी गावातल्या हॉटेलात चहाला बसलो होतो. माझा चुलत भाऊ होता, आणखी दोघं-चौघं होते. शहरात बसून शेती होत नाही, असं हा चुलत भाऊ मला पहिल्यापासून सुनवायचा. तो म्हणाला, "बाकी बागेचं सरपण झालं, न् खोपीपुढची ओळ तेवढी हिरवीगार. हे कसं काय, भाऊ?"

मी म्हणालो, "त्यालाच विचारा."

एवढंच बोललो. मी कपात बघत होतो. उरलेलं गावानं पुरं केलं.

"आपल्या खोपीला सावली पायजे म्हनून तेवढी जगवली," एक जण म्हणाला.

"त्यांला बागा कळत्यात व्हय?" दुसरा म्हणाला. या "त्यांला"चा अर्थ तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होता. मलाही.

ताण मीच धरायला लावला, मोटर मीच लावू दिली नाही, असं मी तेव्हाच म्हणू शकलो असतो. वडिलांनी लेकरासारखी वाढवलेली बाग मी फोनवरून मारली, हे त्या चुलत भावासमोर माझ्या तोंडून निघेना. चहा संपवून मी उठलो.

ते वर्ष वाईटच गेलं. दिवाळीनंतर गावातली घरं एकेक करून कुलूपबंद व्हायला लागली. कोणी ऊसतोडीला गेलं, कोणी शहराजवळ वाळूजच्या कारखान्यांत, कोणी पुण्याकडं. मात्र ज्यांची शेततळी भरली होती, ते अजून बटईनं रान देत होते. तो त्यांच्या दारी गेला. कोणी नाही म्हणालं नाही, बघू म्हणाले.

हिवाळ्यात तो माझ्या शहरातल्या घरी आला. ओट्यावर बसला. आत ये असं मी म्हणालो नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यानं कप स्वतःच विसळून ठेवला आणि मग बोलला.

"भाऊ, गावात माझ्यावर आलंय. मी बाग मारली म्हनत्यात."

"लोकांचं काय, काहीही बोलतात."

"लोकांचंच तर हाय सगळं. माझं रान नाय, हीर नाय. लोकांनी इस्वास ठेवला तर रान मिळंल." मग म्हणाला, "तुमी पाडव्याला या."

आमच्या भागात बटईचे आणि सालगड्यांचे ठराव गुढीपाडव्याला होतात. गावातली माणसं मारुतीच्या पारावर जमतात, कोणाचं रान कोण करणार ते तिथं ठरतं.

"चार माणसांत येवढंच म्हना, की ताण मी धराया लावला. मला दुसरं काय बी नको. मला गाव सोडायचा नाय. पोरगी अकरावीला हाय, तिची बारावी लासूरलाच व्हावी. मधीच कुठं घेऊन फिरू तिला?"

"येतो," मी म्हणालो. "सांगतो."

जाताना तो खुशीत होता. फाटकाशी वळून म्हणाला, "यंदाच्या मृगाचं वाहन नका बघू मात्र. बेडूक निघालं तर तुमी तलाव बांधाय लावाल."

पाडव्याला मी खरंच गेलो. मनात वाक्य जुळवत गेलो. पारावर बसलो, कडुलिंबाची पानं आणि गूळ तोंडात टाकला. तो समोर एसटीच्या शेडखाली उभा होता. पांढरा धुतलेला सदरा घातला होता. पारावर कोणी त्याला बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता वर यायची रीत नव्हती. बोलणी सुरू झाली. एका म्हाताऱ्या बागायतदाराचं रान मोकळं होतं. त्यानं शेडकडं बोट दाखवून सगळ्यांसमोर मला विचारलं, "तो मागतोय. द्यावं का रे? तुझा अनुभव काय?"

माझ्या तोंडात कडुलिंब होता. सगळी माझ्याकडं बघत होती, चुलत भाऊही. मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि दुसऱ्याचं नाव घेतलं. मी शेडकडं पाहिलं. त्याला शब्द ऐकू गेले नसतील, पण कळलं असावं. तो वस्तीकडं चालू लागला.

पुढच्याच आठवड्यात ते एका टेम्पोत भांडी, बाज आणि शेळी घालून वाळूजला गेले. चुलत भावानंच फोनवर सांगितलं. बागेचं रान नंतर मी त्यालाच करायला दिलं.

कट्ट्यावर आलेल्या बाईंना मला हे सांगायचं होतं. दुष्काळानं आमचं निम्मं गाव हलवलं, खरं आहे. ज्याच्याकडं जमीन होती, त्यानं एखादं वर्ष कळ काढली. ज्याच्याकडं काहीच नव्हतं, त्याच्याजवळ एक गोष्ट होती, की लोक त्याला राबणारा आणि खरा माणूस म्हणायचे. तेवढ्यावर तो त्याही वर्षी तगला असता. ती गोष्ट पावसानं नेली नाही.

मधे बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झालो, बायको गेली. मग एका उन्हाळ्यात मी त्याचा पत्ता काढला. आमच्या गावचा जीपवाला वाळूजला भाडं घेऊन जायचा, त्याला ठाऊक होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून गावाहून मोसंबी मागवली. ती खोपीपुढची ओळ अजून फळत होती. चुलत भावानं पिशवी भरून पाठवली.

कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पत्र्यावर ओली पोती टाकलेली. भर दुपारी आत बसणं शक्य नव्हतं, म्हणून सगळी वस्ती भिंतींच्या अरुंद सावलीत येऊन बसली होती. सावली सरकेल तशी माणसं सरकत होती. तो त्यात होता. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. मला पाहून उठला.

"जयभीम, भाऊ! तपासणीला का?"

मीही जयभीम म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि बसायला बाज ओढली. बायको ड्रमातून तांब्या भरून घेऊन आली. टँकर दोन दिवस आला नव्हता, हे मला शेजारच्या बोलण्यातून कळलं. तरी तिनं तांब्या काठोकाठ भरला होता.

"कामून आलात?" तिनं विचारलं.

"सहज. भेटायला."

"इथं बरं हाय आमचं," ती म्हणाली. "म्हशीची वाट बघावी लागत नाय. टँकरची बघतो."

मुलगी कुठं आहे, मी विचारलं. कंपनीत पॅकिंगला जाते, तो म्हणाला. बारावीचं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मी पिशवी पुढं केली. बायकोनं एक फळ काढलं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"खोपीपुढची व्हय ही?"

"हो."

"जगली म्हना." मग तिनं माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "गावात बोललात का तुमी कधी?"

"आगं, पाव्हणा उन्हाचा आलाय," तो म्हणाला. "सोल ते. खाऊ दे त्यांला."

त्यानं स्वतःच मोसंबी सोलली, दोन भाग केले आणि मोठा माझ्या हातात दिला. हीच वेळ होती. मी म्हणालो, "त्या वर्षी बागेचं जे झालं..."

मी पुढचा शब्द शोधत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ. पाऊसच बदलला."

माझंच वाक्य. ते त्यानं मला टोमण्यानं दिलं की सोडवायला, मला अजून सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बायको उठून आत पत्र्याखाली गेली, तिथल्या उकाड्यात. मी म्हणालो, "हो. बदललाच." आणि मोसंबी खाल्ली. गोड होती.

कट्ट्यावरच्या त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी केल्या. यंदाच्या पाडव्याला गावी जाऊन पारावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ऐकायला माणसं थोडी होती. तो म्हातारा बागायतदार कधीच वारला होता. एका पोरानं विचारलं, "कोण बटईदार, आजोबा?" चुलत भाऊ म्हणाला, "आता कशाला उकरता? पाऊसच तसा होता." खोपीपुढच्या त्याच मोसंबीच्या ओळीखाली त्यानं आता स्वतःची खाट टाकली होती.

दुसरं म्हणजे मी परत वाळूजला गेलो. खोलीत नवी माणसं होती, सिल्लोडकडची, तीही नुकतीच आलेली. आधीचे कुठं गेले त्यांना माहीत नव्हतं. पावसाळ्यात वस्तीत नाल्याचं पाणी शिरलं, तेव्हा बरेच जण उठून गेले, शेजारीण म्हणाली. पोरीला दुसरीकडं काम लागलं, ती आईबापाला घेऊन गेली. पुण्याकडं म्हणत होते, नाहीतर नाशिकला. तिच्याकडचा नंबर मी लावला. तो बंद आहे. मी अजून अधूनमधून लावतो.

रिक्षातून जाताना मी जे पाठ केलं होतं आणि त्या खोलीच्या दारातून तसंच परत आणलं, ते एवढंच आहे:

दादा, बाग तुम्ही वाळवली नाही, मी वाळवली. तुम्ही मोटर लावू का म्हणून विचारत होता आणि मी नको म्हणत होतो. वहिनींनी डोक्यावर पाणी आणून जी ओळ जगवली, तिच्याकडंच बोट दाखवून गावानं तुम्हाला नावं ठेवली आणि मी ठेवू दिली. पाडव्याला तुम्ही धुतलेला सदरा घालून समोर उभे होता, मी तुम्हाला शब्द दिला होता, आणि मी बोललो नाही. पाऊस बदलला होता, पण तुम्हाला गावातून पावसानं काढलं नाही. माझं चुकलं, दादा. मला माफ करा.